विधातेकाकांचा आखूड अँटेना

विधातेकाका बोलायच्या आधी थांबत. "काका, दूध आलं का?" एवढं विचारलं तरी ते एक श्वास घेत आणि मग म्हणत, "आलं." नवख्या माणसाला वाटायचं, यांना कमी ऐकू येत असेल, नाहीतर हे शिष्ट असतील. मलाही तसंच वाटलं होतं. मखमलाबाद रोडवरच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्या दिवशी सामान चढवताना जिन्यात ते भेटले. उंच, सावळे, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी म्हटलं, "नमस्कार, मी तुमच्या वरच्या मजल्यावर आले आहे." ते नुसते बघत राहिले. मी अपमान गिळून वळणापर्यंत पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "नमस्कार. काही लागलं तर बेल वाजवा."

त्यांच्या या थांबण्याचं कारण मला शालनकाकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. काकांना हौशी रेडिओचा छंद होता. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि मग आपल्या घरच्या संचावरून हवेतून गावोगावच्या माणसांशी बोलायचं, असा हा छंद. "त्या संचाचं बटण दाबलं की लगेच बोलायचं नसतं गं," काकू म्हणाल्या, "पहिला शब्द कापला जातो. आता यांच्या हातात बटण नसलं तरी थांबतात. लग्नाच्या वाढदिवसाला साडी कशी दिसते विचारलं तरी थांबतात. तोवर माझा जीव वरखाली."

काका सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते, तिथूनच निवृत्त झाले. मूळचे मखमलाबादचे, घरचा गुलाबाचा मळा. तो आता धाकटा भाऊ पाहायचा. काका रोज सकाळी सायकलवरून मळ्यात जात, कलमं बघत आणि दहाच्या सुमारास परत येत. बोलणं कमी. एखादी गोष्ट मनासारखी झाली की म्हणत, "पाच-नऊ." समोरच्याचा आवाज स्पष्ट आणि जोरात येतोय असं सांगायची ही रेडिओवाल्यांची खूण. पण काकांच्या तोंडी ती सगळ्याला चाले. वांग्याची भाजी पाच-नऊ, गल्लीतल्या मुलीचा दहावीचा निकाल पाच-नऊ. भाजीवाल्याला "दोन जुड्या मेथी" म्हणून झाल्यावर त्यांच्या तोंडून कधी कधी रेडिओवरचं, बोलणं संपल्याचं "ओव्हर" निघून जाई आणि भाजीवालाही मान डोलावून "ओव्हर, काका" म्हणे.

काकूंनीसुद्धा ती परीक्षा दिली होती. काका नियमाचे फार पक्के. परवाना नसेल तर बायकोनेही संचाला तोंड लावायचं नाही. म्हणून काकूंनी बालवाडी सांभाळून अभ्यास केला आणि पहिल्याच फटक्यात पास झाल्या. काकांना तारेच्या मोर्स लिपीच्या कट्ट-कडकट्टसाठी दोनदा बसावं लागलं होतं, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. काका शेजारी बसून ऐकत आणि थांबून म्हणत, "खरं आहे."

घरात काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, 'अहो'च म्हणायच्या. रेडिओवर मात्र नाव घ्यावंच लागतं. "हवेत मी त्यांना दिनकर म्हणते," असं त्या मला लाजत सांगायच्या. दोघांकडे हातात मावणारे एकसारखे दोन संच होते. काका मळ्यात गेले की गॅलरीतून काकूंचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत यायचा, "दिनकर, येताना कोथिंबीर आणा." काका तिकडून करड्या आवाजात सांगत, "शालन, हे बाजारहाटाचं साधन नाही." मग थोडी शांतता. मग, "किती जुड्या?"

काकू सटाण्याच्या. माहेरची बोली अहिराणी. नाशिकला आल्यावर बालवाडीत आणि रेडिओवर त्या अगदी पुस्तकी मराठी बोलायला शिकल्या होत्या. अहिराणी फक्त माहेरचं माणूस आलं की निघायची. पुढे ती रोज निघायला लागली, तेव्हा प्रथम आम्हाला गंमत वाटली. नंतर त्यांना गॅस बंद करायचं सुचेना, मग मुलीचं नाव आठवेना. कोल्हापूरला असलेली मुलगी येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं ते काकांनी जिन्यात मला सांगितलं. "तिचं मागचं राहील म्हणाले. अलीकडचं पुसत जाईल." थांबून म्हणाले, "मी कशात मोडतो, ते विचारायचं राहिलं."

ते लवकरच कळलं.

मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी मी घरी असते. एकदा खालून आरडाओरडा ऐकून मी धावत उतरले. काकू दारात उभ्या, हातात लाटणं. "वैशाली, तो भाऊ कोन शे? मना घरमा का बरं उना?" कोण तो माणूस, माझ्या घरात कशाला आला, असं त्या विचारत होत्या. काकांनाच त्यांनी घराबाहेर काढलं होतं. मी जिन्यातून डोकावले. काका खाली पार्किंगमध्ये बनियनवर उभे होते. घाईत त्यांनी दाराजवळचा आपला संच तेवढा उचलला होता. त्यांना दुसरं काय करावं हे सुचलं नसणार. त्यांनी बटण दाबलं.

घरात शोकेसवरचा काकूंचा संच बोलला, "शालन, दिनकर बोलतोय."

काकूंचा चेहरा माझ्यादेखत बदलला. लाटणं त्यांनी मला दिलं, पदर सारखा केला. संच उचलला, अंगठा बरोबर बटणावर गेला, श्वासभर थांबल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "दिनकर, शालन बोलतेय. कुठे आहात तुम्ही? घरात कुणी परका माणूस आला होता. मी घालवला."

बराच वेळ नुसती खरखर. मग काकांचा आवाज, "मी मळ्यात आहे. येतो. तो माणूस वाईट नाही, शालन. मीच पाठवलाय. तुला चहा करून देईल."

हवेत कधी खोटं बोलायचं नाही, असं हा माणूस जन्मभर सांगत आला होता.

त्या दिवसापासून काका दोन झाले. एक घरातला भाऊ, जो स्वयंपाक करायचा, अंघोळीचं पाणी काढायचा, काकूंचे केस विंचरायचा. दुसरा दिनकर, जो मळ्यात असायचा आणि संचावरून बोलायचा. मी काकांना मोबाइलचं सुचवून पाहिलं, पण तो वाजला की काकू दचकून कान झाकत. संच मात्र हाताला ओळखीचा होता. रोज सकाळी मी काकूंजवळ बसायची, काका सायकल काढायचे, आणि पलीकडून सांगायचे, "शालन, आता गोळी घे. भाऊ पाणी काढून देईल तेव्हा अंघोळ करून घे." काकू शहाण्या मुलीसारख्या सगळं करायच्या. तेवढ्या वेळात काका खरोखरच मळ्यात जाऊन येत. दिवसभरात त्यांना तेवढीच मोकळी हवा.

एक संभाषण मी विसरू शकत नाही. काकू गॅलरीत बसून संचावर बोलत होत्या. "दिनकर, तो भाऊ फार कष्ट करतो हो. काल माझे पाय चेपत होता. त्याला बायको नाही वाटतं बिचाऱ्याला. तुम्ही आलात की त्याला एक शर्ट शिवा."

मी तोंड फिरवलं. पलीकडून उत्तर यायला इतका वेळ लागला की काकूंनी पुन्हा विचारलं, "ऐकू आलं ना?"

"आलं," काका म्हणाले. "शिवू."

बोलण्याची वाट बघताना काकू संचाचा अँटेना पिरगाळत बसायच्या. जपमाळ ओढावी तसा त्यांचा हात त्यावर चालायचा. शेवटी त्याचं रबर बुडाशी फाटलं आणि आतली तार तुटली. काका मळ्यात होते. त्यांना काकूंचा आवाज ऐकू येईना, काकूंना त्यांचा. मी संच हलवून पाहिला, काकूंनी तो माझ्या हातातून हिसकावला. काका घामाघूम होऊन परत आले तेव्हा काकू गॅलरीच्या फरशीवर बसल्या होत्या, संच कानाला लावून "दिनकर, दिनकर" म्हणत होत्या. काका त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. काकूंनी त्यांच्याकडे पाहून काकुळतीने म्हटलं, "भाऊ, मना घरवाला कथा गया?" माझा नवरा कुठे गेला?

काका एवढंच म्हणाले, "शोधतो, बाई."

त्या जुन्या संचाचा तसाच अँटेना आता मिळत नव्हता. काकांनी मालेगावला अन्सारीभाईंना कळवलं. अन्सारीभाई यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करायचे. काकांची त्यांची दोस्ती हवेतलीच, वर्षानुवर्षांची. ते दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. पिशवीत तीन अँटेना आणि एक लहानसं मोजमापाचं यंत्र. दिवाणावर वर्तमानपत्र पसरून दोघांनी ते तिन्ही मांडले. काका मला समजावत होते, कदाचित स्वतःलाच. "नुसता बसला म्हणून चालत नाही. तो आपल्या पट्ट्यासाठीच, म्हणजे आपण बोलतो त्या लहरींसाठीच बनवलेला हवा, नाहीतर संच गरम होतो आणि आवाज जात नाही. मग लांबी. लांब असेल तितका आवाज लांब जातो. आखूड सोयीचा, पण त्याचा पल्ला कमी."

पहिला हातभर लांब, छडीसारखा लवचिक. अन्सारीभाईंनी तो लावला, काका सायकलवरून मळ्यात गेले. तिथून त्यांचा आवाज असा आला, जणू ते शेजारच्या खोलीतच आहेत. अन्सारीभाई खूश. "देखा? एकदम साफ! भाभी, लो, बात करो." त्यांनी संच पुढे केला, तशी ती लांब काठी काकूंच्या डोळ्यांसमोर लवलवली. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मास्तर, माले मारू नका," त्या म्हणाल्या. सटाण्याच्या शाळेतल्या कुठल्या मास्तरांची छडी त्यांना दिसली कोण जाणे. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, ती छडी तेवढी राहिली होती. मी त्यांना जवळ घेतलं आणि अन्सारीभाईंनी तो अँटेना झटकन काढून पिशवीत टाकला.

दुसरा मध्यम होता, पण त्याचा आटा वेगळा. मधे पितळेचा एक जोड बसवावा लागला. काकूंनी तो फिरवून फिरवून सैल केला आणि सुपारीसारखा तोंडात टाकला. मी बोट घालून काढला.

तिसरा बोटाएवढा. जाड, मऊ रबर. तो लावून संच समोर ठेवला तर काकूंनी आपण होऊन उचलला, मुठीत धरला, आणि अंगठा बटणावर गेला.

परत आलेल्या काकांना मी झालेलं सगळं सांगितलं. छडीचं ऐकून ते खाली बसले. मग पुन्हा सायकल काढून त्यांनी आखूड अँटेना तपासायला घेतला. मळ्यातून काही नाही. भाजीबाजारातून काही नाही. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची गाडी असते, तिथपर्यंत आले तेव्हा कुठे काकूंचा आवाज त्यांना नीट ऐकू येऊ लागला.

"विधातेसाब, अकल की बात करो," अन्सारीभाई म्हणाले. "ये छोटेवाले से आप गली के बाहर नहीं जा सकते. कैदी हो जाओगे. लंबावाला रखो. भाभी को धीरे धीरे आदत पड़ जाएगी."

काका थांबले. आखूड अँटेना त्यांच्या तळहातावर होता.

"सवय आता तिला लागत नाही, भाई," ते म्हणाले. "मला लागेल."

अन्सारीभाईंनी दिवाणावरचं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. जाताना त्यांनी दारातून काकूंना सलाम केला. जेवायचा आग्रह करत काकू म्हणाल्या, "जेवीसन जा ना, भाऊ." जिन्यात पोचल्यावर अन्सारीभाईंनी चष्मा काढून रुमालाने बराच वेळ पुसला.

काकांचं मळ्यात जाणं त्या दिवशी संपलं. सायकल पार्किंगमध्ये उभी राहिली. सकाळी ते पायी गल्लीच्या तोंडापर्यंत जात, इस्त्रीवाल्याच्या गाडीमागे कडुनिंबाखाली उभे राहत आणि तिथून मळ्याचं वर्णन करत. "आज लाल गुलाब चांगले आलेत, शालन." समोर रिक्षा, शाळेच्या बस, कचऱ्याची घंटागाडी. इस्त्रीवाला मान खाली घालून कपड्यांवर पाणी शिंपडत राही. पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "काका, लाल गुलाब कुठंय इथं?" नंतर त्याने कधी विचारलं नाही. काका बोलायला लागले की तो आपला रेडिओ बंद करायचा.

हेही फार दिवस टिकलं नाही. एका सकाळी मी काकूंजवळ बसले होते. संचावर काकांची हाक आली, "शालन, दिनकर बोलतोय." काकूंनी संच उचलला, बटण दाबलं, आणि म्हणाल्या, "तू कोन शे?"

संचावर त्या अहिराणी कधीच बोलल्या नव्हत्या. मी गॅलरीच्या कठड्यापाशी गेले. इमारतीसमोरून गल्ली सरळ जाते, टोकापर्यंत दिसतं. कडुनिंबाखाली काका उभे होते. त्यांनी संच तोंडापासून खाली घेतला. मला वाटलं, आता हे परत येतील, जिना चढतील आणि सगळं संपेल.

हवेत दोन अनोळखी माणसांची पहिली गाठ पडते तेव्हा दोघं एकमेकांना आपली ओळख सांगतात. काकांनी संच पुन्हा तोंडाशी नेला. "माझं नाव दिनकर," ते म्हणाले. "मी नाशिकहून बोलतोय. कारखान्यात होतो, आता निवृत्त आहे. तुमचा आवाज छान येतोय. तुमचं नाव काय?"

काकू हसल्या. "शालन. सटाणानी."

मग रोज हीच पहिली ओळख होत गेली. काका रोज नाव सांगायचे, गाव सांगायचे. काकू लाजत, उत्सुकतेने बोलायच्या. लहानपणी त्या कांद्याच्या चाळीत लपून बसायच्या, आई हाका मारून दमायची. आरम नदीच्या वाळूत भावाची चप्पल पुरली आणि मग सापडलीच नाही. सोबत असलेल्या एका मैत्रिणीचं नाव त्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या. काका घरी आले की मला म्हणायचे, "हे मला माहीतच नव्हतं गं. चप्पल पुरल्याचं कधी बोलली नाही." त्या बोलण्यात कौतुक होतं, आणि डोळे लाल झालेले असत.

एकदा काकांनी विचारलं, "शालन, तुमचं लग्न झालंय का?"

"नई," काकू म्हणाल्या. "माले लगीन नई करनं."

मी त्या वेळी कठड्यापाशीच होते. काकांनी झाडाच्या बुंध्यावर हात टेकला. इस्त्रीवाल्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," काका म्हणाले. "नको करूस. काही घाई नाही."

थंडीत काकूंच्या छातीत कफ झाला. इमारतीतल्या मुलांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली उतरवलं आणि गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात दाखल केलं. काका संच बरोबर घेऊन गेले होते, पण तिथल्या सिस्टरनी यंत्रांजवळ चालणार नाही म्हणून तो बंद करायला लावला. काकांनी नियम मोडला नाही. बंद करून खिशात ठेवला.

काकू तिथून परत आल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा माझी आई आजारी होती म्हणून मी पिंपळगावला होते. परत आले तोवर मुलगी काकांना कोल्हापूरला घेऊन गेली होती, आणि खालच्या दाराला कुलूप होतं. फोनवर काका बोलतात. थांबून बोलतात. त्यामुळे त्या दोघांना मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, आईकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी.

मी डबा घेऊन गेले होते. खोलीच्या दाराशीच थांबले. काका खाटेच्या कडेला वाकले होते, तोंड काकूंच्या कानापाशी. संच नाही, बटण नाही. हळू आवाजात, एकेक शब्द वेगळा करून सांगत होते, "माझं नाव दिनकर. मी नाशिकहून बोलतोय. तुमचा आवाज मला ऐकू येतोय. माझा येतोय का?"

काकूंच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. त्यांनी डोळे उघडले. समोरच्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. हात उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून बोटं हलवली. काकांनी ती धरली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जेवना का?"

सकाळचा डबा झाकणासकट खिडकीत तसाच होता.

"जेवलो," काका म्हणाले. या वेळी ते थांबले नाहीत.